चुणी

त्या सकाळी म्हातारीने शिवी दिली नाही.

झालं ते एवढंच. सिस्टर नेहमीसारखी कोमट पाण्याचं तसराळं, दोन पंचे आणि पावडरचा डबा घेऊन खाटेपाशी आली. तसराळं स्टुलावर ठेवलं, बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या आणि मान किंचित खाली घालून क्षणभर उभी राहिली. हे उभं राहणं तिच्या अंगवळणी पडलं होतं. आधी शिवी यायची, मग पाणी, मग पावडर. शिवीशिवाय पंचा बुडवायचा हे तिच्या हातांना ठाऊकच नव्हतं. पण म्हातारी उशीवरून तिच्याकडे नुसती बघत राहिली आणि शेवटी म्हणाली, "बस गं जरा. पाय दुखत नाहीत का तुझे?" सिस्टर बसली नाही. जिना संपलेला असताना अजून एक पायरी आहे असं समजून पाय टाकावा तसं तिला झालं. ती 'नाही दुखत' म्हणाली, पंचा बुडवला, पिळला आणि म्हातारीचा चेहरा पुसायला लागली. पुसताना म्हातारीने डोळे मिटून घेतले, लहान मूल घेतं तसे, विश्वासाने. सिस्टरला त्या मिटलेल्या पापण्यांचा एकदम राग आला. इतका की पंचा हातात तसाच राहिला आणि त्याचं पाणी म्हातारीच्या गळ्यावरून कानामागे ओघळलं.

ख्रिस्ती जोगिणींच्या मठाने चालवलेल्या, निराधार म्हाताऱ्यांच्या त्या घरात बायकांना त्यांच्या धंद्याने ओळखत. नावं कागदावर असत, पण बाया एकमेकींना हाका मारत त्या मास्तरीण, पोस्टवाली, दाई अशा. जणू काही अजून संध्याकाळी कामावरून परतणार आहेत. ही म्हातारी लाँड्रीवाली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या कपड्यांना इस्त्री केलेली. उजवा खांदा डाव्यापेक्षा उतरलेला, तळहात भाजून भाजून गुळगुळीत आणि चपटा झालेला. कमरेचं हाड मोडल्यावर मुलाने आणि सुनेने तिला इथे आणली, गाडी फाटकाबाहेर चालूच ठेवली आणि येतो परत म्हणून गेले ते गेले. तिला सगळ्या जगाचा राग होता आणि तो काढायला जिभेशिवाय दुसरा अवयव धड उरला नव्हता. मग जिभेने सगळ्यांचं काम अंगावर घेतलं. पहिल्याच आठवड्यात दोन धाकट्या सिस्टर्स भांडारघरात जाऊन रडल्या. पगारावर ठेवलेली आया पंचा आपटून घरी निघून गेली आणि निरोप पाठवला, की पैसे राहू देत पण त्या बाईच्या तोंडाला मी लागणार नाही. तेव्हा मदरने, म्हणजे मठाच्या वडीलधाऱ्या बाईने, आपल्या या सिस्टरला बोलावून घेतलं आणि तुमच्याशिवाय कोण करणार म्हणून लाँड्रीवाली तिच्या पदरात टाकली. पहिल्या दिवशी म्हातारीने तिला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं आणि निकाल दिला, की ही पांढरी पाल आहे. भिंतीला चिकटून जगते, देवाच्या घरातले किडे खाते आणि वर चुकचुकते. शिवाय डोईच्या वस्त्राच्या कपाळपट्टीला इस्त्री कुणी केली, रेड्याने? मास्तरीण पलीकडच्या खाटेवर तोंडाला पदर लावून हसली. सिस्टरने मान खाली घातली, म्हातारीचं अंग पुसलं, तिची कूस बदलली आणि दुपारच्या प्रार्थनेची घंटा झाली तशी चॅपलमध्ये जाऊन गुडघे टेकले. आणि तिथे ते पुन्हा आलं.

काय आलं ते तिला कुणाला सांगता आलं नसतं. सांगायची तिची हिंमतही नव्हती. व्रतं घेतली तेव्हा, म्हणजे केसांत एकही पांढरा नव्हता तेव्हा, ते रोज यायचं. गुडघे टेकले की छातीच्या मध्यावर काहीतरी ऊबदार सैल व्हायचं, घशापर्यंत चढायचं, डोळे भरायचे, आणि कुणीतरी आपल्याकडे बघतंय आणि त्याला आपण आवडलोय, असं अगदी खात्रीने वाटायचं. मग ते हळूहळू कमी झालं आणि एक दिवस थांबलं. वर्षं गेली. ती गुडघे टेकत राहिली, माळ ओढत राहिली, पहाटे उठत राहिली, आणि पलीकडून काही म्हणजे काही नाही. इतर बायकांचं बरं असतं. नवऱ्याने बोलणं टाकलं तर चार जणींना सांगता येतं, माहेरी जाता येतं. जिने देवाशीच लग्न लावलं तिने कुठल्या माहेरी जायचं? वर्षातून एकदा बाहेरचे कुणी फादर येऊन सगळ्या सिस्टर्सना आठवडाभर मौनात बसवत, रोज सकाळी प्रवचन देत. कोरडेपणा ही सुद्धा कृपाच असते, असं त्यांतला प्रत्येक जण सांगे. हे सांगताना फादरांचे स्वतःचे ओठ न्याहारीमुळे तुळतुळीत ओले असत. ती खाली बघत ऐकून घेई. धाकट्या सिस्टर्स तिच्या पाठीमागे तिला मेणबत्ती म्हणत, सरळ उभी असते आणि बोलत नाही म्हणून. न पेटलेली मेणबत्ती, असं मनात ती स्वतः पुरं करी.

आणि मग एके दिवशी ती औषधं आणायला शहरात गेली होती. दुकानातून पिशवी घेऊन निघाली, गल्लीच्या तोंडाशी वळली आणि वरच्या मजल्यावरून कुणीतरी फरशी पुसलेलं पाणी खाली ओतलं. सगळं हिच्या डोक्यावर. वरून एक बाई वाकून बघून हसली, माफीबिफी काही नाही, आणि आत निघून गेली. समोरच्या सलूनमध्ये दाढीचा साबण लावून बसलेले दोघे खुर्चीतून मान काढून बघायला लागले. पांढऱ्या वस्त्रावरून काळं पाणी ओघळत होतं, कपाळपट्टी नाकावर आली होती, पिशवीतली औषधं भिजत होती. आणि त्या क्षणी, त्या घाण वासात, भर रस्त्यात, ते आलं. इतक्या वर्षांनी, न बोलावता, घशापर्यंत. ती रस्त्याच्या मधोमध डोळे मिटून उभी राहिली आणि स्कूटरवाल्याने हॉर्न देऊन तिला बाजूला केलं. मठात परतली तेव्हा सगळ्यांनी हळहळ केली आणि तिला हळहळ सहन होईना. कारण हळहळ सुरू झाली तशी ती ऊब विझत गेली. अंघोळ करून कोरडी वस्त्रं नेसेपर्यंत काही उरलं नव्हतं. त्यानंतर औषधं आणायला जायची पाळी ती मागून घेऊ लागली, आणि त्याच गल्लीने, त्याच खिडकीखालून, जरा हळूच चाले. पण बाईने पुन्हा पाणी टाकलं नाही. एकदा तर खिडकीतून हात जोडले.

म्हणून लाँड्रीवाली आली तेव्हा सिस्टरला ती देवानेच पाठवली असं वाटलं तर त्यात नवल नाही. रोज सकाळी शिवी आणि रोज दुपारी ती ऊब, असं पुढे बरेच महिने चाललं. म्हातारीकडे माल भरपूर होता. सटवी, अवदसा, टवळी हे रोजच्या वापरातले. रविवारी ठेवणीतले काढी. कुणी पदरात घेतली नाही म्हणून देवाच्या गळ्यात पडलीस, तुझ्या आईने तुला इथे टाकली तशी मला सुनेने टाकली, आपण दोघी एकाच उकिरड्यावरच्या, फक्त तू वास येऊ देत नाहीस. एकदा तिने चमच्याने भरवलेली पेज सिस्टरच्या तोंडावर थुंकली. सिस्टरने चेहरा पुसला नाही, आधी म्हातारीची हनुवटी पुसली. मदरने हे दारातून पाहिलं, आणि त्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर सगळ्यांसमोर सांगितलं, की आपल्याला संतांची चरित्रं वाचायला लांब जायची गरज नाही. धाकट्या सिस्टर्स आदराने ताटात बघू लागल्या. आपल्या सिस्टरला ती स्तुती खड्यासारखी लागली. ती लवकर उठून चॅपलमध्ये गेली आणि म्हातारीने थुंकलं तो क्षण पुन्हा पुन्हा आठवून त्या ऊबेची राखण करत बसली.

असं का होतं याचा विचार तिने केला नव्हता असं नाही. एकदा, म्हातारीची वेणी घालताना, तिला तिची आई आठवली होती. आईचा हात सुटा होता. दूध सांडलं, भांडं पडलं, की फाडकन गालावर. आणि मारलं की तिचं तिलाच सहन होत नसे. मग ती खाली बसकण मारी, पोरीला मांडीत ओढी, तिच्या केसांत तोंड खुपसून रडे, आणि मग फणी घेऊन सगळी दुपार केस विंचरत बसे. एरवी आईला वेळ नसे. घरात पाच पोरं, सासू, शिलाईचं काम. एरवी आई म्हणजे एक धावती पाठ. तेव्हा या पोरीने काय केलं, तर एकदा आई बघत असताना दुधाचा पेला मुद्दाम कलंडवला. नीट आठवतं. दुधाची धार फरशीवर पसरत गेली, आणि आईचा हात वर जायच्या आधीच हिच्या डोक्यात फणी फिरू लागली होती. एवढं आठवलं आणि सिस्टरने वेणी बांधून टाकली. पुढचा विचार तिने केला नाही. मठात विचार अर्धवट सोडायची चांगली सोय असते. घंटा झाली की अर्ध्यावर असेल ते अर्ध्यावर टाकून उठायचं, लिहीत असलं तर अक्षरसुद्धा पुरं करायचं नाही, कारण घंटा म्हणजे देवाचं बोलावणं. फक्त आजाऱ्यापाशी असलं तर थांबायची मोकळीक होती. ती मोकळीक तिने कधी घेतली नव्हती.

आणि आता म्हातारी म्हणत होती, बस जरा. सिस्टरला वाटलं एखादा दिवस असा जातो. पण दुसऱ्या दिवशी तिने सिस्टरचा हात धरला, त्या चपट्या, गुळगुळीत तळहातांत दाबून ठेवला, आणि आजवर कुणाला सांगितलं नव्हतं असं सगळं सांगितलं. की नवरा गेल्यापासून आपण कुणाशी धड बोललोच नाही. की आपण सुनेच्या अंगावर एकदा गरम इस्त्री धरली होती, लावली नाही पण धरली होती, तेव्हा तिने टाकलं त्यात तिचंही काय चुकलं. की इथे आल्यावर ठरवलं होतं, सगळ्यांना पळवून लावायचं आणि मग मरायचं. "तू पळाली नाहीस," ती म्हणाली. "मी बघितलं, किती दिवस टिकते. तू टिकलीस. मग मला वाटलं, हिचा देव काहीतरी असला पाहिजे बाई." आणि तिने ती माळ मागितली, तिचे मणी कसे मोजतात ते शिकवशील का म्हणून. जो चमत्कार घडावा म्हणून मठाच्या भिंती शंभर वर्षं उभ्या असतात तो असा, वॉर्डात, पावडरच्या वासात, सिस्टरच्या डोळ्यांदेखत घडला. एका दगड झालेल्या बाईला पाझर फुटला. आणि सिस्टरला तेव्हा काय वाटलं, तर आपल्या हक्काचं काहीतरी कुणीतरी चोरून नेलं. तिने माळ आणून दिली, मणी कसे धरायचे ते कोरडेपणाने दाखवलं, आणि चॅपलमध्ये गेली. आत काही नव्हतं. गुडघ्यांखालच्या फळीचा कठीणपणा होता, आणि पलीकडे, वर्षानुवर्षं ओळखीची असलेली, ती गप्प भिंत.

म्हातारी सुधारतच गेली. आयेला बोलावून घेऊन तिची माफी मागितली, आणि आया परत कामाला लागली. मास्तरणीला स्वतःच्या वाटचं बिस्किट देऊ लागली. पलंगावर पडल्या पडल्या तळहाताने चादर सारखी करायची तिची जुनीच सवय होती, बोटं न टेकवता, तळहात एका दमात सरकवत. आता ते करताना ती ओठांतल्या ओठांत माळेचे शब्द म्हणे. आणि सिस्टर दिसली की तोंड उजळे, पोरी, आलीस का म्हणे, तुझ्यासाठीच म्हणत होते. सिस्टरसाठी! सिस्टरची प्रार्थना पोचत नव्हती आणि ही काल शिकलेली बाई तिच्या नावाने मणी ओढत होती. पोचवतही असेल. या विचाराने तिच्या अंगाची आग आग झाली.

मग लहानसहान गोष्टी व्हायला लागल्या. सिस्टर त्या करत होती असं म्हणणं तिच्या दृष्टीने अन्यायाचं झालं असतं, त्या होत. अंग पुसायच्या आधी ती म्हातारीसाठी प्रार्थना म्हणू लागली, हल्लीच, आणि ती इतकी सावकाश म्हणे की तसराळ्यातलं पाणी गार होऊन जाई. म्हातारीला रस्ता बघायला आवडे, तर कूस बदलताना तिला भिंतीकडे तोंड करून ठेवणं पाठीच्या दृष्टीने बरं असं तिला वाटू लागलं. पाण्याचा चोचीचा कप हाताला लागेल न लागेल असा राही. प्रत्येक वेळी सिस्टर जरा थांबून वाट बघे. मान तीच जुनी, सोशिक, खाली घातलेली. पण म्हातारी हुडहुडी भरत असताना म्हणे, गारच बरं, उन्हाळा आहे. भिंतीकडे बघत म्हणे, रस्ता काय, तेच ते. तहान लागली तर मास्तरणीला सांगे, तिला कामं किती, तिला नको हाक मारूस. संत व्हायचं शिक्षण तिने एकाच माणसाकडून घेतलं होतं, आणि ती चांगली विद्यार्थिनी निघाली होती.

चादरीत चुणी राहता कामा नये, हे वॉर्डातलं पहिलं शिक्षण. हलता न येणाऱ्या माणसाच्या पाठीखाली कापडाची एक घडी राहिली की ती रात्रंदिवस टोचते, आधी कातडी लाल होते, मग निळी, मग फाटते, आणि एकदा का म्हाताऱ्या कातडीत भोक पडलं की ते आतल्या आत पोखरत जातं. सिस्टरने हे स्वतः कितीतरी मुलींना शिकवलं होतं. चादर ओढा, कोपरे आवळा, मग हात फिरवून बघा. त्या दिवशी तिने चादर ओढली, कोपरे आवळले, हात फिरवला. माकडहाडाच्या जागी बोटाएवढ्या जाडीची एक चुणी तळव्याला लागली. हात थांबला. आया पलीकडून म्हातारीला कुशीवर धरून उभी होती, तिला काही दिसत नव्हतं. सिस्टरने हात काढून घेतला आणि म्हणाली, सोडा हळूच. म्हातारी त्या चुणीवर उताणी झाली आणि तिच्या भुवया किंचित आखडल्या. जिने चाळीस वर्षं चुण्या मोडल्या तिच्या पाठीला सांगायला लागत नाही. तिने सिस्टरकडे पाहिलं. तिला वाटलं असेल, की चुकून राहिली असेल.

दुसऱ्या दिवशीही राहिली. आणि तिसऱ्या दिवशी, कूस बदलताना, लाल झालेल्या जागेवर सिस्टरचा ओला पंचा जरा जोरातच फिरला, आणि म्हातारी किंचाळली. माळ खाली पडली. तिच्या तोंडून जुना पूर सगळा एकदम बाहेर आला. मेले, पांढऱ्या पाली, हडळे, जीव घेतेस का माझा, देवाच्या नावाने कातडी सोलतेस. मास्तरीण उठून बसली. धाकटी सिस्टर दारात थबकली. आणि सिस्टर तिथे मान खाली घालून उभी होती, आणि ते येत होतं, छातीतून वर, किती दिवसांनी, तिला ते चॅपलपर्यंतसुद्धा रोखता आलं नाही. तिच्या गालांवर रंग चढला, ओठ आपोआप सैल झाले. म्हातारी ओरडता ओरडता थांबली. उशीवर मान तिरकी करून, खालून, त्या खाली घातलेल्या चेहऱ्याकडे तिने पाहिलं. इस्त्रीवालीची नजर, कापडावर डाग कशाचा आहे ते ती बघताक्षणी ओळखते. बराच वेळ ती बघत होती. मग हलक्या आवाजात तिने आयेला खाली पडलेली माळ उचलून द्यायला सांगितलं.

त्यानंतर शिव्या नियमाने सुरू झाल्या. सकाळी सिस्टर येताच, तसराळं ठेवायच्या आत. आयेला आणि मास्तरणीला वाईट वाटलं, एवढी सुधारलेली बाई पुन्हा बिघडली म्हणून. पण त्यांना नवल याचं वाटे की बाकी कुणाला ती वावगा शब्द बोलत नसे. फक्त सिस्टरला. आणि सिस्टरच्या दुपारी पुन्हा भरल्या. इतक्या, की एकदा मिस्सेच्या उपासनेवेळी तिच्या गालांवरून पाणी वाहताना मठाच्या नेहमीच्या फादरांनी पाहिलं. पापांची कबुली द्यायला ती गेली तेव्हा तिने सांगितलं, की सेवेत माझ्या हातून कुचराई होते, आजाऱ्याचं अंथरूण मी नीट घालत नाही. जाळीपलीकडे फादरांनी समजुतीचा उसासा टाकला. स्वतःवर इतकं कठोर होऊ नये सिस्टर, ते म्हणाले, हाही एक प्रकारचा अहंकारच असतो. प्रायश्चित्त म्हणून त्यांनी तिला एक आनंदाचं स्तोत्र म्हणायला सांगितलं. तिने म्हटलं. चादर आता नीट घालत होती ती. पण कातडीत भोक पडून चुकलं होतं. डॉक्टर आले, वाकून बघितलं, नाकाला रुमाल लावला, आणि या वयात असं व्हायचंच म्हणाले. मदरने सिस्टरच्या खांद्यावर हात ठेवला. एवढं करूनही, म्हणाली.

ताप चढला तो उतरेना. शेवटच्या दुपारी वॉर्डात पडदे ओढले होते, बाकीच्या म्हाताऱ्या झोपल्या होत्या, खाली रस्त्यावर कुणीतरी दुकानाचं शटर खडखडत बंद करत होतं. म्हातारीचे डोळे खोल गेले होते. सिस्टर तसराळं घेऊन आली, स्टुलावर ठेवलं, उभी राहिली. म्हातारीने ओठ ओले करायचा प्रयत्न केला. "पांढरी पाल," ती म्हणाली. आवाज फुटत नव्हता. "टवळी. ढोंगी मेली." एकेक शब्द पिशवीच्या तळातून काढावा तसा ती काढत होती, मध्ये दम खात होती. "कुणी... पदरात घेतली नाही म्हणून..." पुढचं तिला आठवेना. सिस्टर मान खाली घालून वाट बघत होती. म्हातारीने डोळे मिटले, उघडले, आणि अगदी वेगळ्या आवाजात, घरात एखादी बाई दुसरीच्या ताटात वाढताना विचारते तसं विचारलं,

"पुरलं का गं?"

सिस्टरने मान वर केली.

"नाही, म्हणजे पुरलं नसेल तर उद्याचं पण आत्ताच घेऊन ठेव," म्हातारी म्हणाली. "उद्या माझ्याने होईलसं वाटत नाही." तिने हात चादरीवरून सरकवत कडेपर्यंत आणला आणि उताणा ठेवला. "मला देता येण्यासारखं दुसरं नव्हतं काही. आणि तुझं तोंड असं खुलतं ना त्याने. मला आवडायचं बघायला. तू मात्र थोडा वेळ हात धर. मग जा."

हात तिथे होता. चपटा, चकचकीत, तळव्यावर रेषा न उरलेला. तो धरायला सिस्टरला एक पाऊल पुढे यायला लागलं असतं. तिच्या डोक्यात त्या वेळी सगळं होतं. पेला होता, दूध होतं, बोटाएवढी चुणी होती, गार पाणी होतं, आणि हे सगळं या बाईला कधीपासून माहीत होतं तेही होतं. इतके महिने सेवा कुणी कुणाची केली ते कळायचं आता शिल्लक राहिलं नव्हतं. तिने तोंड उघडलं. माफी मागायची होती बहुतेक. आणि प्रार्थनेची घंटा झाली.

आजाऱ्यापाशी असलं तर थांबायची मोकळीक होती. मरणाऱ्यापाशी असलं तर थांबायचंच असा नियम होता. सिस्टरने उघडलेलं तोंड मिटलं, अर्धं अक्षरसुद्धा पुरं न करता, आणि वळून चालू लागली. पाठीमागून म्हातारीने हाक मारली नाही. जिन्यावर तिला धाकट्या सिस्टर्स भेटल्या, रांगेत, नजरा खाली; ती त्यांच्यात मिसळली. गुडघे टेकले. आणि मग ते आलं. आजवर कधी आलं नव्हतं असं आलं. फरशीच्या पाण्याने आणलं नव्हतं, थुंकीने आणलं नव्हतं. एका मरत्या बाईने भीक घातली होती, आणि ती भीक होती हे सांगितलं होतं, यापेक्षा खाली माणूस जाऊ शकत नाही, आणि तिथे, त्या अगदी तळाशी, तो बसलेला होता, जसा पूर्वी असे तसा, आणि तिच्या केसांतून सावकाश फणी फिरवत होता. तिला ओरडावंसं वाटलं, की आत्ता नको, आत्ता तरी नको. पण तिचे हात जोडलेलेच राहिले आणि चेहरा उजळत गेला. शेजारच्या धाकटीने चोरून बघितलं आणि लाजून डोळे मिटून घेतले. मेणबत्ती पेटली होती.

प्रार्थना संपेपर्यंत ती जागची हलली नाही. वर आली तेव्हा आया खाटेपाशी उभी होती. मास्तरीण आपल्या खाटेवर बसून होती, तिने सिस्टरकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. म्हातारीचा हात तसाच कडेला उताणा होता. बाकीची चादर, तळहात पोचत होता तिथपर्यंत, दोन्ही बाजूंनी नीट सारखी केलेली होती. एक सुरकुती नव्हती.

तिला धुतलं, नेसवलं, खाली नेलं. संध्याकाळी मदर वॉर्डात आली तेव्हा सिस्टर गादी उलटी करत होती. मदरने आधी चार चांगले शब्द सांगितले. मग म्हणाली, की सरकारी दवाखान्यातून फोन होता, उद्या एक बाई येतेय, भाजी विकायची, दोन्ही पाय गेलेत. "तोंडाची फार वाईट आहे म्हणतात," मदर म्हणाली. "दुसरी कुणी टिकणार नाही. पण तुम्ही आत्ताच एवढ्या दमलात. नको वाटत असेल तर स्पष्ट सांगा."

सिस्टरने गादीवर धुतलेली चादर झटकली. ती हवेत फुगली आणि खाली बसली. नको म्हणायला तिला एकच शब्द लागला असता, आणि तो तिच्या जिभेवर होता.

"द्या," ती म्हणाली.

मदर गेल्यावर तिने चादर ओढली, कोपरे आवळले, आणि हात फिरवून बघायला लागली.